घसा आणि स्वरयंत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घसा दुखतो, घसा बसतो, घशाशी येतं, घशात अडकतं. या चार तक्रारींच्या जागा निरनिराळ्या असतात आणि उपायही. खालचे प्रश्न शिक्षक, गाणं शिकणारी मंडळी, लहान मुलांचे आईवडील आणि तंबाखू सोडू न शकलेल्यांचे नातेवाईक हमखास विचारतात. उत्तरं कुठे लांब आहेत, कुठे दोन ओळींची.

घसा नक्की कुठून कुठपर्यंत?

कवटीच्या तळापासून मानेच्या सहाव्या मणक्यापर्यंत उतरणारी ही स्नायूंची नळी आहे, मोठ्या माणसात साधारण १२ ते १३ सें.मी. लांबीची. पुस्तकात तिला ग्रसनी म्हणतात. वरचा भाग नाकाच्या मागे असतो. तिथे ॲडिनॉइड (टॉन्सिलसारख्याच मऊ गाठी) असतात आणि दोन्ही कानांकडून आलेल्या बारीक नळ्या उघडतात. सर्दीत कानाला दडे बसतात ते यामुळेच. मधला भाग ‘आ’ केल्यावर दिसतो: मऊ टाळू, पडजीभ, दोन बाजूंचे टॉन्सिल आणि मागची भिंत. खालचा भाग बाहेरून दिसत नाही. तिथे रस्ता फुटतो. पुढच्या बाजूला स्वरयंत्र आणि त्याखाली श्वासनलिका, मागच्या बाजूला अन्ननलिका.

आता गंमत पाहा. नाक वर आणि मागे, पण श्वासनलिका पुढे. तोंड पुढे, पण अन्ननलिका मागे. म्हणजे हवेचा आणि घासाचा रस्ता घशात एकमेकांना छेदतात. या चौकात रहदारी सांभाळण्यासाठी जे उभं आहे ते स्वरयंत्र.

म्हणजे स्वरयंत्राचं मुख्य काम बोलणं नाही?

नाही. ते पहिल्यांदा झडप आहे, आवाजाचं काम त्याला नंतर मिळालं. फुफ्फुसात हवेखेरीज काही जाऊ द्यायचं नाही, आणि चुकून गेलंच तर खोकून बाहेर फेकायचं, ही त्याची मूळ नोकरी. खोकताना आधी झडप घट्ट मिटते, आत दाब साठतो आणि मग ती एकदम उघडते.

आणखी एक काम सहसा लक्षात येत नाही. पाण्याने भरलेला हंडा उचलताना, शौचाला जोर करताना, बाळंतपणात कळ देताना आपण नकळत श्वास कोंडतो. कोंडतो तो इथेच. झडप मिटल्यामुळे छाती फुगलेली राहते आणि पोटाच्या, पाठीच्या स्नायूंना जोर लावायला आधार मिळतो. व्यायामशाळेत वजन उचलताना ‘हं’ असा आवाज निघतो तो मिटलेल्या झडपेतून निसटलेल्या हवेचा. असं रोज घसा आवळून वजन उचलणाऱ्या गायकांनी जरा जपून.

स्वरयंत्र कशाचं बनलेलं असतं?

नऊ कूर्चांचं, म्हणजे मऊ हाडांचं. तीन एकेकट्या, तीन जोड्या. सगळ्यात मोठी थायरॉइड कूर्चा, समोरून ढालीसारखी. तिच्या खाली क्रायकॉइड, श्वासमार्गातलं एकमेव पूर्ण गोल कडं. श्वासनलिकेतल्या बाकीच्या कूर्चा मागून उघड्या असतात. क्रायकॉइडच्या मागच्या उंच कडेवर दोन चिमुकल्या ॲरिटिनॉइड कूर्चा बसलेल्या असतात. त्या वळल्या-सरकल्या की झडपेची दारं, म्हणजे स्वरतंतू, उघडतात आणि मिटतात. वर पानाच्या आकाराचं लवचीक झाकण. उरलेल्या दोन जोड्या इतक्या बारीक की त्यांची नावं परीक्षेपुरतीच लागतात.

हे सगळं वरून एका नालाकृती हाडाला टांगलेलं असतं. त्याचं नाव हायॉइड. हे हाड दुसऱ्या कुठल्याही हाडाला जोडलेलं नाही, नुसत्या स्नायूंवर आणि बंधांवर तरंगतं. गळा दाबून खून झाल्याचा संशय असेल तर शवविच्छेदनात ते मोडलंय का हे आवर्जून पाहतात.

थायरॉइड ग्रंथी मात्र वेगळी. ती या कूर्चांच्या खाली, श्वासनलिकेला पुढून बिलगून असते. ‘थायरॉइड आहे’ असं आपण म्हणतो ते या ग्रंथीच्या आजाराबद्दल, कूर्चेबद्दल नव्हे.

कंठमणी फक्त पुरुषांनाच असतो का?

सगळ्यांना असतो. थायरॉइड कूर्चेच्या दोन पट्ट्या समोर जुळतात तो हा कोपरा. वयात येताना मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉनमुळे कूर्चा वाढते आणि कोन अरुंद होतो, साधारण ९० अंशांचा. स्त्रियांमध्ये तो १२० अंशांच्या आसपास राहतो. म्हणून एकाचा पुढे आलेला दिसतो, दुसरीचा हाताला लागतो.

त्याच सुमारास मुलाला कंठ फुटतो. स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळपास एका सप्तकाने खाली उतरतो. मुलींचाही थोडा उतरतो, पण इतका थोडा की घरच्यांना कळत नाही. मधल्या काळात मेंदूला नव्या मापाच्या स्वरतंतूंचा अंदाज नसतो, म्हणून आवाज मध्येच चिरकतो. वय उलटूनही मुलाचा आवाज बालिशच राहिला तर बहुतेक वेळा स्वरयंत्र धडधाकट असतं, फक्त जुनी सवय सुटलेली नसते. व्हॉइस थेरपीच्या, म्हणजे आवाज नीट लावण्याच्या सरावाच्या, काही बैठकांत तो सहसा खाली येतो. अशा मुलाला चिडवण्यापेक्षा तज्ज्ञाकडे नेलेलं बरं, आणि लवकर नेलेलं बरं.

स्वरतंतू तारांसारखे ताणलेले असतात का?

चित्रात तसे दिसतात. प्रत्यक्षात त्या दोन घड्या आहेत, पुढे कंठमण्याच्या आतल्या बाजूला एकत्र चिकटलेल्या आणि मागे त्या दोन ॲरिटिनॉइडना बांधलेल्या. वरून पाहिलं तर मोत्यासारखा पांढरा इंग्रजी ‘व्ही’. लांबी पुरुषांत साधारण १७ ते २५ मि.मी., स्त्रियांत १२ ते १७ मि.मी. जन्मभराचं भांडण, भजन आणि फोनवरच्या गप्पा एवढ्याशा जागेतून येतात.

घडीच्या आत थर असतात. वर पातळ आवरण, त्याखाली जेलीसारखा मऊ थर, मग जरा चिवट थर, आणि गाभ्यात स्नायू. आवाजाचं सगळं सौंदर्य त्या मऊ थरावर अवलंबून आहे, कारण स्नायू स्थिर असतानाही वरचं आवरण त्याच्यावर लाटेसारखं सरकू शकतं. जपानचे मिनोरू हिरानो यांनी १९७० च्या दशकात ही रचना नीट मांडली आणि स्वरतंतूंच्या शस्त्रक्रियेचा विचारच बदलला. हा मऊ थर एकदा व्रण पडून कडक झाला तर पूर्ववत करणं फार कठीण.

मग आवाज निघतो कसा?

फुफ्फुसातली हवा वर येते, मिटलेल्या स्वरतंतूंना खालून ढकलते. ते किंचित उघडतात, हवेची एक झुळूक निसटते, आणि त्यांची लवचीकता व वेगाने जाणाऱ्या हवेची ओढ मिळून त्यांना पुन्हा मिटवतात. लहान मूल ओठ मिटून ‘भुर्र’ करतं तेव्हा ओठ जसे थडथडतात तसंच. प्रत्येक थडथडीसाठी मेंदू आज्ञा देत नाही. तो फक्त ताण आणि जवळीक ठरवतो, पुढचं काम हवा करते. १९५० मध्ये एका फ्रेंच संशोधकाने प्रत्येक कंपनासाठी मज्जातंतूतून स्वतंत्र संदेश येतो असं मांडलं होतं. ते टिकलं नाही. मृत माणसाच्या स्वरयंत्रात हवा फुंकूनही स्वर निघतो, हे जर्मनीत योहानेस म्युलर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं.

थडथडीची गती म्हणजे स्वराची उंची. बोलताना पुरुषांत ती सेकंदाला १०० ते १३० वेळा, स्त्रियांत २०० च्या आसपास. पेटीवर सांगायचं तर पुरुषाने काळी एकमध्ये ‘सा’ लावला की स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा मिटतात. बाईंनी काळी चारला लावला तर सुमारे २०८ वेळा. तार सप्तकातला ‘सा’ म्हणजे याच्या दुप्पट. म्हणून ‘तुमची पट्टी कोणती’ हा प्रश्न तुमच्या स्वरतंतूंच्या मापाचाही आहे. दुसऱ्याची पट्टी ओढूनताणून घेण्यात अर्थ नाही, मग तो दुसरा कितीही मोठा गवई असो.

स्वरतंतूंपाशी निघणारा मूळ आवाज नुसता भुणभुणता असतो. त्याचा ‘आ’ की ‘ई’, हे वरच्या पोकळीचा आकार, म्हणजे जीभ, ओठ आणि जबडा ठरवतात. मऊ टाळू खाली उतरला की हवा नाकातून जाते आणि ‘म’, ‘न’, ‘ण’ होतात. सर्दीत नाक चोंदलं की ‘मामा’चा ‘बाबा’ होतो तो यामुळे.

आणि या सगळ्याला लागणारी हवा. क्षयाने एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेले कुमार गंधर्व देवासला बरे होऊन पुन्हा गायला लागले, तेव्हा त्यांच्या गाण्यात छोटे, झपकन येणारे स्वरसमूह ठळक झाले. दम कमी असला तरी स्वर हरत नाही, पण वाक्याची लांबी बदलते.

‘क’ आणि ‘ग’ म्हणताना घशात काय वेगळं होतं?

कंठमण्यावर दोन बोटं ठेवा. लांब ‘स्स्स’ म्हणा, मग लांब ‘म्म्म’. पहिल्यात बोटांना काही लागत नाही, दुसऱ्यात थरथर जाणवते. जिभेची जागा एकच असूनही ‘क’चा ‘ग’ आणि ‘त’चा ‘द’ होतो तो या थरथरीमुळे. शाळेच्या व्याकरणातले अघोष आणि घोष ते हेच. ‘घ’, ‘ध’, ‘भ’ यांत स्वरतंतू थरथरतात, पण पुरते मिटत नाहीत, त्यामुळे आवाजाबरोबर हवाही निसटते. पुष्कळ परकीय लोकांना आपला ‘भ’ जमत नाही, त्याचं कारण हा अर्धवट मिटलेला दरवाजा.

आपल्याकडच्या वेदपाठी अभ्यासकांना हे यंत्राविना कळलं होतं. तैत्तिरीय प्रातिशाख्य या वेदोच्चारांवरच्या जुन्या ग्रंथात म्हटलंय की कंठ मिटलेला असताना नाद होतो, उघडा असताना श्वास, आणि दोहोंच्या मधल्या स्थितीत हकार. स्वरतंतू कोणी पाहिलेले नव्हते, तरी निरीक्षण अचूक.

मग स्वरतंतू पहिल्यांदा पाहिले कोणी?

जिवंत माणसात, काम करताना, ते नीट पाहण्याचं श्रेय एका गायनशिक्षकाला जातं. मूळचे स्पॅनिश, लंडनमध्ये शिकवणारे मान्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू गाताना पाहिले. पुढच्या वर्षी त्यांचा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला. ते १०१ वर्षं जगले. आज कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून बारीक दुर्बीण घालतात, आणि लुकलुकत्या प्रकाशात तीच कंपनं संथ गतीत पडद्यावर दिसतात. तपासणीला काही मिनिटं लागतात, गुदगुल्या होतात, दुखत नाही.

जेवताना ठसका का लागतो?

घास मागे गेला की मऊ टाळू वर उचलला जातो आणि नाकाचा रस्ता बंद होतो. पूर्ण स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं. गिळताना कंठमणी वर जातो तो हाच. झाकण मागे कलतं, खरे स्वरतंतू आणि त्यांच्या वरच्या घड्या दोन्ही मिटतात, श्वास क्षणभर थांबतो, अन्ननलिकेचं तोंड उघडतं. हे सगळं सेकंदाभरात. जेवताना हसलं किंवा बोललं तर मिटायच्या वेळी झडप उघडी सापडते. मग ठसका. ‘जेवताना बोलू नये’ हा आजीचा नियम शिष्टाचाराइतकाच शरीरशास्त्राचा आहे.

तान्ह्या बाळात स्वरयंत्र मानेत बरंच वर असतं, त्यामुळे ते दूध ओढता ओढता नाकाने श्वास घेऊ शकतं. पुढे ते खाली उतरतं. त्यामुळे स्वरांसाठी प्रशस्त जागा मिळते, पण ठसक्याचा धोकाही वाढतो.

म्हातारपणी किंवा पक्षाघातानंतर ही साखळी मंदावते. पाणी पिताना वारंवार खोकला येणं, जेवल्यावर आवाज घरघरणं, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणं ही चिन्हं असतील तर गिळण्याची तपासणी करून घ्या. अशा माणसाला आडवं ठेवून चमच्याने पातळ पाजणं धोक्याचं.

घशात खरंच काही अडकलं तर?

माणूस जोरात खोकत असेल, बोलत असेल तर त्याला खोकू द्या. पाणी पाजू नका, दिसत नसलेली वस्तू काढायला घशात बोट घालू नका, ती आणखी खाली जाते. खोकताच येत नसेल, आवाज निघत नसेल, चेहरा निळसर पडत असेल, तर त्याला पुढे वाकवून खांद्याच्या फऱ्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा. उपयोग नाही झाला तर मागे उभं राहून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके. मोकळं होईपर्यंत दोन्ही आलटून पालटून, आणि दुसऱ्या कोणाला १०८ लावायला सांगा. गरोदर बाईला पोटाऐवजी छातीच्या मधल्या हाडावर दाब द्यायचा. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटाचा झटका कधीही द्यायचा नाही; डोकं खाली करून हातावर पालथं घेऊन पाठीवर थापा, मग उताणं करून छातीवर दाब.

लहान मुलांत सगळ्यात जास्त गुन्हेगार ठरतो तो शेंगदाणा. दाढा नीट आलेल्या नसतात, अख्खा दाणा चावला जात नाही, आणि खेळता खेळता श्वासाबरोबर आत जातो. बहुतेकदा उजव्या बाजूला, कारण उजवी श्वासवाहिनी जास्त रुंद आणि सरळ असते. पाच वर्षांपर्यंत दाणे, फुटाणे कूट करूनच द्या. दाणे खाताना ठसका लागला, मग शांत झालं, आणि काही दिवसांनी एकाच बाजूने सुंईसुंई वाजायला लागलं, तर तो दमा समजू नका.

आणि उचकी?

पोट-छातीमधला पडदा अचानक आखडतो, हवा झपकन आत येते, आणि लगेच स्वरतंतू फटकन मिटतात. तो फटका म्हणजे उचकीचा आवाज. कोणी आठवण काढत असो वा नसो, दोन दिवसांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना दाखवा.

आवाज बसला. गुळण्या, मध, ज्येष्ठमध, आल्याचा तुकडा, यातलं काय घेऊ?

यातलं काहीच स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. गिळताना झडप मिटते हे वर आलंच. गिळलेली वस्तू स्वरतंतूंना लागली तर आराम नाही, ठसका मिळेल. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या घशाच्या मधल्या भागापर्यंत जातात. टॉन्सिल सुजले असतील, घसा खवखवत असेल तर त्यांनी खरोखर बरं वाटतं. ज्येष्ठमध, खडीसाखर, मध यांनी लाळ सुटते, कोरडेपणा आणि खोकल्याची उबळ कमी होते. तेवढ्यासाठी खुशाल घ्या, फक्त वर्षाखालच्या बाळाला मध नको.

स्वरतंतूंपर्यंत थेट जाते ती हवा. म्हणून वाफारा उपयोगी, आणि म्हणूनच विडीचा धूर, चुलीचा धूर, बांधकामावरची धूळ इतकी घातक. वाफारा घेताना उकळत्या पाण्याचं पातेलं मुलांच्या मांडीवर कलंडून भाजण्याचे प्रकार घडतात, तेवढं सांभाळा. दिवसभर थोडं थोडं पाणी पिण्याने स्वरतंतूंचा ओलावा आतून, रक्तामार्फत टिकतो. पण सगळ्यांत गुणकारी औषध कोणी विकत नाही: दोन-तीन दिवस गप्प बसणं.

कुजबुजणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. पुष्कळजण कुजबुजताना घसा आणखी आवळतात. बोलायलाच हवं तर हळू, पण नेहमीच्या आवाजात बोला.

शिक्षक, भाजीवाले, गायक यांच्या स्वरतंतूंवर गाठी का येतात?

मोठ्याने बोलताना स्वरतंतू जास्त जोराने एकमेकांवर आपटतात. आपटण्याचा मारा सगळ्यात जास्त बसतो तो कंपन पावणाऱ्या भागाच्या मधोमध, आणि तिथेच दोन्ही बाजूंना समोरासमोर घट्टे पडतात. त्यांना नोड्यूल म्हणतात. स्त्रियांत आणि आरडाओरडा करणाऱ्या लहान मुलग्यांत ते जास्त दिसतात. साठ मुलांचा वर्ग, वर पंखा, बाहेर रस्ता, अशा खोलीत दिवसाला पाच-सहा तास शिकवणाऱ्या बाईंना दोष कसा द्यायचा? छोटा माइक ही चैन नव्हे, शाळेने खडूफळ्यासारखाच तो द्यावा.

बहुतेक नोड्यूल बोलण्याची पद्धत सुधारली की विरतात. आधी व्हॉइस थेरपी, शस्त्रक्रिया नंतरची गोष्ट. मूळ सवय तीच राहिली तर काढलेली गाठ परत येते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत आणि बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत असे थेरपिस्ट असतात.

रात्री उशिरा तिखट-तेलकट जेवून लगेच आडवं होणाऱ्यांना आणखी एक त्रास. जठरातलं आम्ल घशापर्यंत येतं आणि स्वरयंत्राचा मागचा भाग लाल करतं. छातीत जळजळ नसली तरी हे होऊ शकतं. सकाळी आवाज जड, सारखं खाकरावंसं वाटतं. खाकरण्यानेही स्वरतंतू आपटतात, त्यापेक्षा घोटभर पाणी प्या.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज का बदलतो?

स्वरयंत्राच्या जवळजवळ सगळ्या स्नायूंना चालवणारा मज्जातंतू या ग्रंथीच्या मागून, अगदी चिकटून जातो. त्याचा रस्ता विचित्र आहे. मेंदूकडून तो खाली छातीत उतरतो, डाव्या बाजूचा महाधमनीच्या कमानीला वळसा घालतो, उजवा खांद्याकडे जाणाऱ्या धमनीला, आणि मग पुन्हा वर स्वरयंत्राकडे चढतो. जिराफातही हीच वाट, म्हणजे मीटरच्या मीटर उगाच हेलपाटा. हा मज्जातंतू कापला की ओरडणारं डुक्कर गप्प होतं, हे दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलननेच दाखवलं होतं.

शस्त्रक्रियेत तो ताणला गेला तर आवाज काही आठवडे-महिने घोगरा राहून सुधारतो. तुटला तर एक स्वरतंतू जागीच राहतो; त्याला मध्ये आणण्याच्या शस्त्रक्रिया आहेत. आणि या लांब रस्त्यामुळेच, डावा स्वरतंतू कारण नसताना लुळा पडला की डॉक्टर छातीचा सीटी स्कॅन सांगतात. तेव्हा ‘घशाचा त्रास आणि छातीचा फोटो कशाला?’ म्हणून वाद घालू नका.

घसा दुखला की अँटिबायोटिक घ्यावं का?

बहुतेक वेळा नाही, कारण बहुतेक घसेदुखी विषाणूंची असते. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू असल्याचं डॉक्टरांनी ठरवलं तर मात्र दिलेला कोर्स पुरा करा. अर्धवट उपचारांतून मुलांना संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात.

घटसर्प विसरू नका. घशात राखाडी पापुद्रा धरतो, तो ओढला तर रक्त येतं, मान सुजते, आणि पापुद्रा स्वरयंत्रात उतरला तर श्वास कोंडतो. त्याचं विष हृदयालाही बाधतं. सरकारी लसीकरण कार्यक्रमात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, मग १६ ते २४ महिन्यांना आणि पाच ते सहा वर्षांना बूस्टर, पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) असते. शेवटच्या दोन लसी पुष्कळ घरांत राहून जातात.

पडजीभ लोंबते म्हणून कोणाकडून बोटाने दाबून किंवा कापून घेऊ नका. सुजली असेल तर सूज उतरते.

कोणत्या लक्षणांना थांबू नये?

तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला घोगरेपणा, विशेषतः तंबाखू, विडी, मिश्री किंवा दारूची सवय असेल तर. गिळताना दुखणं, एकाच बाजूच्या कानात ठणका आणि कान मात्र ठीक, मानेत गाठ, थुंकीत रक्त, विनाकारण वजन उतरणं. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात. स्वरतंतूंचा कर्करोग आवाज लवकर बिघडवतो, त्यामुळे वेळेत पकडला जाऊ शकतो, आणि पहिल्या टप्प्यात किरणोपचार किंवा लेझरने बहुतेकदा पूर्ण बरा होतो.

स्वरयंत्र काढावं लागलं तर माणूस कायमचा मुका होतो का?

नाही. पूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया व्हिएन्नात थेओडोर बिलरोट यांनी १८७३ मध्ये कर्करोगासाठी केली. आज ती मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत नेहमीची आहे. श्वासनलिकेचं तोंड मानेवर कायमचं उघडतात, घास नेहमीसारखा अन्ननलिकेतून जातो. बोलण्यासाठी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या भिंतीत एक छोटी एकमार्गी झडप बसवतात. मानेवरच्या भोकावर बोट ठेवून श्वास सोडला की हवा घशात जाते, तिथली भिंत थरथरते आणि जाडसर पण समजेल असा आवाज निघतो. काहीजण गळ्यावर धरायचं विजेरी यंत्र वापरतात, काही ढेकरेसारखी हवा वापरून बोलायला शिकतात.

घरच्यांनी काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. अशा माणसाला वास कमी येतो, त्यामुळे गॅस गळतोय हे त्याला कळेलच असं नाही. आंघोळीच्या वेळी भोकात पाणी जाऊ द्यायचं नाही, नदीत-विहिरीत पोहणं बंद. भोकावर ओलसर पातळ कापड किंवा फिल्टर ठेवला तर धूळ आत जात नाही. आणि असा माणूस बेशुद्ध पडला तर प्राणवायूचा मास्क नाकातोंडावर नव्हे, मानेवरच्या भोकावर लावायला सांगा. ॲम्ब्युलन्समध्ये बसतानाच हे मोठ्याने सांगा.